गोळ्याला पंख

ठण्ण!

दुपारची वेळ होती. वाटूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपले होते. वीज गेलेली, म्हणून पंखाही गप्प होता. इतकी शांतता, की माठाखालच्या पाटावर पडणारा पाण्याचा एकेक थेंब मोजता यावा. आणि नेमका तेव्हाच दारातल्या माणसाच्या डब्याच्या पिशवीचा बंद तुटला. मी पिशवीतून निसटलो, घरंगळत गेलो आणि सरळ स्टीलच्या हंड्यावर आदळलो.

"काय फुटलं रे?" आतून बेबीनंदाबाईंनी विचारलं.

"फुटलं न्हाई, आलंय," त्यांचा मुलगा प्रितम दारातून म्हणाला. "ज्योत्स्नासाठी आणलंय."

बेबीनंदाबाई डोळे चोळत बाहेर आल्या. आधी हंड्याचा पोचा बघितला, मग मला. "लोक बायकोला साडी आणतेत, गजरा आणतेत. माझ्या पोरानं लोखंड आणलं!"

मित्रांनो, त्या हंड्याला पोचा पाडणारा तो मीच. मी एक जुना लोखंडी गोळा आहे. मैदानावर खांद्याजवळ धरून फेकतात ना, तसला. वजन चार किलो. गंजानं थोडंसं खाल्लंय, म्हणून काट्यावर हल्ली जरा कमी भरतो.

माझा जन्म जालन्याचा. तिथं भंगार वितळवून नवं लोखंड करतात. एसटीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे, उसाच्या चरकाचे झिजलेले दाते, नांगराचे फाळ, कुणाच्या तरी दाराच्या कड्या असं सगळं एका भट्टीत एक झालं आणि त्यातून एका लहानशा ओतशाळेच्या साच्यात मी गोल झालो. म्हणूनच की काय, मला कधीकधी दुसऱ्याच कुणाची तरी स्वप्नं पडतात. कधी मी घाटातून डुलत उतरत असतो. कधी काळी माती माझ्या अंगावरून उलटत जाते. कधी कुणीतरी माझ्यावर हात ठेवून, दार उघडावं की नाही याचा विचार करत उभं असतं.

माझी उमेदीची वर्षं एका शाळेत गेली. मला तांबडा रंग दिला होता. मुलं-मुली मला उचलून फेकायची आणि टाळ्या वाजायच्या. गोळ्याचं आयुष्य तसं जमिनीवरच जातं, मित्रांनो. उडणं म्हणाल तर एका वेळी जेमतेम एक श्वासभर. पण त्या एका श्वासात वजन कुठं जातं ते मला आजवर कळलेलं नाही. वर नुसतं आभाळ असतं. खाली मुलांची वर केलेली तोंडं असतात. आणि मी, चार किलोचा, कुणाचाच नसतो.

पुढं शाळेत नवे गोळे आले. मला अडगळीच्या खोलीत टाकलं, फाटक्या जाळ्यांच्या खाली. रंग गेला, गंज आला. किती वर्षं गेली ते मोजलं नाही. एक दिवस भंगाराचा टेम्पो आला आणि मी पुन्हा जालन्याला निघालो, जिथून आलो होतो त्याच भट्टीकडं. प्रितम तिथल्या एका कारखान्याच्या भंगारात लोखंड निवडायच्या कामाला होता. त्यानं मला पायानं उलटवलं, मग वाकून हातात घेतलं आणि मुकादमाला म्हणाला, "हे मला द्या. माझी बायको पोलीस भरतीची तयारी करून राह्यलीय."

असा मी वितळता वितळता राहिलो.

ज्योत्स्नानं मला राखेनं घासलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला. रोज पहाटे आम्ही गावामागच्या मोकळ्या रानात जायचो. एका बाजूला मोसंबीची बाग, दुसऱ्या बाजूला पडीक जमीन. ज्योत्स्ना आधी पळायची, मग मला उचलायची. तिची पाच वर्षांची लेक साक्षी काठीनं जमिनीवर गोल काढायची. बेबीनंदाबाई फेक मोजायच्या, पावलाला पाऊल लावून.

"एकवीस पावलं! लई लांब गेला की गं."

"आत्याबाई, तुमची पावलं बारकी हायत."

"मंग काय झालं? तुझा गोळा लांब गेल्याशी मतलब."

प्रितमनं टेप आणल्यावर खरा आकडा कळला. साडेपाच मीटर. पूर्ण गुणांना सहा लागत होते.

मला ज्योत्स्नाची एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात फारशी कुणाला ठाऊक नव्हती. ती डावरी होती. लहानपणी तिच्या आईनं तिचा डावा हात ओढणीनं कमरेला बांधून तिला उजव्या हातानं जेवायला शिकवलं होतं. शाळेत गुरुजींनी पेन उजव्या हातात दिलं. देणं-घेणं, वाढणं, नमस्कार, सही, चारचौघांतलं सगळं उजव्यानं. पण पहिल्यांदा मला उचलताना तिनं काही विचार केला नाही आणि मी तिच्या डाव्या तळव्यात जाऊन बसलो. तिथून मानेच्या डाव्या बाजूला, हाडावरच्या खोबणीत. ती जागा जणू माझ्यासाठीच होती.

आता ज्योत्स्नाच्या गोंदणाची गोष्ट.

साक्षीनं एक दिवस खडूनं भिंतीवर एक गोल काढला आणि त्याला दोन पंख लावले. एक मोठा, एक बारका.

"हे काय गं, पाखरू?" ज्योत्स्नानं विचारलं.

"न्हाई. आपला गोळा हाय. तू फेकल्यावर त्याला फुटतेत. खाली आल्यावर आत घेतो."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दुपारी मला कसंसंच झालं. मला वाटायचं, हवेतली ती गोष्ट फक्त मलाच माहीत आहे.

ज्योत्स्ना त्या चित्राजवळ जाऊन बसली. भरतीत नाव लागलं तर नऊ महिने प्रशिक्षणाला जायचं होतं, लांब, साक्षीला ठेवून. तिनं मोबाइलमध्ये चित्राचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी मंठ्याला गेली. तिथं सूरज नावाचा पोरगा टॅटू काढायचा. काम नीटनेटकं, सुई दरवेळी नवी. मैदानी चाचणीला तेव्हा सव्वीस दिवस होते.

"गळ्याखाली काढा, हाडाजवळ. म्हंजी गणवेशाच्या आत राहील," ती म्हणाली.

"कामाचा हात कोणता ताई?" सूरजनं विचारलं. "त्या बाजूला नको. तीन आठवडे तिथं घासायचं न्हाई, दाब द्यायचा न्हाई."

"उजवा," ज्योत्स्ना म्हणाली.

खोटं नव्हतं ते. आयुष्यभर कुणीही विचारलं, तर तिनं हेच उत्तर दिलं होतं. सूरजनं डाव्या बाजूला सुई धरली.

घरी आल्यावर सगळे बघायला जमले. साक्षी आनंदानं नाचली. बेबीनंदाबाईंनी चष्मा लावला. "आमच्या आईला गोंदलं, तवा चार बायांनी धरून ठिवलं व्हतं म्हनं. ही बया आपल्या पायानं गेली!"

दोन दिवस ज्योत्स्नानं आराम केला. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रानात गेलो. तिनं मला उचललं, डाव्या तळव्यात घेतलं, मानेकडं आणलं. आणि एका बोटाच्या अंतरावर थांबली.

माझ्यासमोर ओली, फुगलेली कातडी होती. तिच्यावर मीच होतो, दोन पंखांचा. मी जिथं टेकायचो नेमक्या तिथं.

"अगं बाई," ज्योत्स्ना पुटपुटली. मग मला हातात तसंच धरून ती खाली बसली.

"काय झालं आई?"

"काय न्हाई. मी त्याला उजवा सांगितलं."

बेबीनंदाबाई आधी खूप हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बोटांवर दिवस मोजले. उरले होते तेवीस दिवस.

पुढचे काही दिवस ज्योत्स्ना फक्त चालली. मला रानात आणायची, पण उचलायची नाही. मी गोलाच्या मध्ये पडून राहायचो, दवानं भिजायचो. शेजारच्या गावातली एक मुलगी सहाच्या पुढं फेकते अशी बातमी आली. ज्योत्स्ना त्या दिवशी जेवताना दोनदा घास हातात धरून बसली.

गोंदल्यापासून सहाव्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही. तिनं पिठाची एक स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी कापली, गोंदणावर ठेवली, वर ओढणी घट्ट गुंडाळली. तिला वाटलं, घाम लागणार नाही, धूळ लागणार नाही आणि मीही लागणार नाही.

तिनं मला फेकलं. एकदा, दोनदा. मी उडालो. खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद झाला. इतके दिवस मी नुसता पडून त्या एका श्वासाची वाट बघितली होती. तिसऱ्या वेळी मात्र प्लॅस्टिकखाली घाम साचला होता. पिशवी सरकली, तिच्याबरोबर मीही सरकलो आणि तिच्या कातडीला घासून वर गेलो. वर आभाळ होतं, सगळं नेहमीसारखं होतं, पण मला वजन होतं. पहिल्यांदाच हवेत मला माझं वजन कळलं.

मी खाली पडलो तेव्हा माझ्या अंगावर खपलीचा एक निळसर तुकडा चिकटलेला होता.

संध्याकाळपर्यंत ती जागा लाल झाली, गरम लागू लागली. बेबीनंदाबाई हळद आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. ज्योत्स्नानं मान फिरवली. "राहू द्या आत्याबाई. उद्या सिस्टरला दाखवू."

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स पुष्पाबाई सकाळी घरीच आल्या. ज्योत्स्नानं "जय भीम सिस्टर" म्हणत पाट दिला. पण त्या आधी हात धुवायला गेल्या, मग बसल्या.

"प्लॅस्टिक कुनी गुंडाळाय सांगितलं?"

ज्योत्स्नानं स्वतःकडंच बोट केलं.

"भाजी शिजाय ठिवली व्हती का? आत घाम कोंडला, वरून चार किलो घासले. ही जखम हाय बाई. वर चित्र दिसतंय म्हणून जखम न्हाई, असं ऱ्हातं का?"

"पण सिस्टर, चाचणी..."

"चाचणी तुझी हाय, कातडीची न्हाई. तिला तारीख कळत न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी तिला डॉक्टरांकडं पाठवलं. औषध मिळालं, पातळ लावायला मलम मिळालं. लाली पसरली, पू दिसला, अंगात ताप भरला तर लगेच परत यायला सांगितलं. आणि पुष्पाबाईंनी ओट्यावर बसून एकेक गोष्ट समजावली. दोन-चार दिवस पूर्ण आराम. लाली गेली की चालायचं, पण ऊन व्हायच्या आत. सैल सुती कपडा घालायचा, गळ्यावर ओढणी आवळायची नाही. घाम आला की धुतलेल्या मऊ फडक्यानं टिपायचा, रगडायचा नाही. घरी आलं की हात धुऊन, साध्या साबणाच्या पाण्यानं ती जागा हलकेच धुवायची. शेततळ्यात, विहिरीत उतरायचं नाही. मान आणि खांदा ताणला जाईल असं काही करायचं नाही.

"मंग करू काय?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पायाला गोंदलंय का तुझ्या?"

"न्हाई."

"मंग पाय रिकामे हायत की. गोळा काय निस्ता हातानं जातो व्हय?"

पुष्पाबाई गेल्यावर बेबीनंदाबाई उठल्या, मला दोन्ही हातांनी उचललं आणि जवारीच्या कोठीचं झाकण काढलं. "हा हितं ऱ्हाईल. सिस्टर हो म्हनंपस्तोर. कोठीला हात लावलास तर मी भाकरी करायची बंद."

अशा रीतीनं मी दाण्यांत बुडालो.

मित्रांनो, तुम्ही कधी जवारीच्या पोटात राहिला आहात? तिथं अंधार असतो, पण तो मऊ असतो. दाणे सगळीकडून धरून ठेवतात आणि कुठंच टोचत नाहीत. मी आयुष्यभर कठीण जमिनीवर पडलेला. मला वाटायचं, पडणं म्हणजे आदळणंच. त्या कोठीत मला पहिल्यांदा कळलं की पडूनही कुणी सांभाळलेलं असू शकतं.

मी ऐकत राहायचो. पहाटे कडी वाजायची, चपला निघून जायच्या आणि तासाभरानं परत यायच्या. पाण्याचा आवाज यायचा, हळू, जपून. मग अंगणात बैठका. साक्षी मोजायची, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ..."

"सात कुठं गेला गं?" बेबीनंदाबाई विचारायच्या.

"सात दमलाय. झोपलाय."

मग पायांचा आवाज यायचा. सरक, वळ, थांब. सरक, वळ, थांब. ज्योत्स्ना मला न घेताच गोळाफेकीची पावलं टाकत होती, डावा हात पोटाशी धरून. पूर्वी तिची पावलं घाईत पडायची. आता दिवसागणिक त्यांत एक लय येत गेली. दाण्यांतून ती माझ्यापर्यंत पोचायची. मला झोप लागायची आणि स्वप्नात मी कुणाच्याही हाताशिवाय उडत असायचो, एक पंख मोठा, एक बारका, खाली मोसंबीची हिरवी बाग.

रोज बेबीनंदाबाई माप घेऊन जवारी काढायच्या. रोज मी थोडा उघडा पडायचो. एक दिवस त्यांचा हात मला लागला. "हायस का रे?" त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्यावर पुन्हा दाणे लोटले.

तेरा दिवसांनी, चाचणीला सहा दिवस उरले असताना, पुष्पाबाई पुन्हा आल्या. खपली आपसूक गळून गेली होती. कातडी मिटली होती, दुखत नव्हती, लाली नव्हती. पुष्पाबाईंनी बोटानं दाबून बघितलं.

"भरलंय. पण अजून नवी कातडी हाय. आज एक दिवस थांब. उद्यापासून मधी मऊ सुती कापड धर, थोडंच फेक. जळजळलं की बंद."

"बराबर, सिस्टर."

मला कोठीतून काढलं तेव्हा माझ्या खाचांत जवारीचे दाणे अडकलेले होते. साक्षीनं ते काडीनं काढले. ज्योत्स्नानं मला साबणानं धुतलं, आधी कधी धुतलं नव्हतं इतकं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा त्या खोबणीत टेकलो. अगदी हळू. मी माझं वजन कमी करू शकत असतो, तर त्या क्षणी केलं असतं.

तेव्हा मी ते चित्र जवळून पाहिलं. मोठा पंख नीट भरला होता. बारक्या पंखाची एक रेघ मात्र मधेच तुटली होती. तिथला रंग माझ्याबरोबर निघून गेला होता.

त्या चार-पाच दिवसांत ज्योत्स्नानं मला रोज मोजकंच फेकलं. हाताची सवय थोडी मोडली होती, पण पाय पूर्वीपेक्षा कितीतरी तयार झाले होते.

चाचणीचा दिवस उजाडला. माझी अशी समजूत होती की मीही जालन्याला जाणार. पण मैदानावर त्यांचे स्वतःचे गोळे असतात. मी खाटेखाली राहिलो. दिवसभर मी त्या अनोळखी गोळ्याचा विचार करत होतो. त्याला माहीत असेल का, की इथं जरा जपून टेकायचं असतं?

दिवेलागणीला ज्योत्स्ना आणि प्रितम परत आले.

"किती गं?" बेबीनंदाबाईंनी उंबऱ्यातच विचारलं.

"सहाला चार बोटं कमी."

"माझ्या पावलानं का टेपानं?"

"टेपानं, आत्याबाई."

पूर्ण गुण गेले होते. ती चार बोटं कुणी खाल्ली ते मला ठाऊक आहे. सहाव्या दिवशी त्या पिशवीवरून मी सरकलो, तेव्हाच ती गेली. ज्योत्स्ना रडली नाही. तिनं फडकं भिजवलं, गळ्यावरची धूळ टिपली आणि लेखी परीक्षेचं पुस्तक उघडलं. पुढचे दोन महिने मी त्या पुस्तकाच्या पानांवर वजन म्हणून बसायचो. वाऱ्यानं पान उलटू नये एवढंच माझं काम. मला ते काम आवडलं.

मग यादी लागली. प्रितमनं मोबाइलवर खालून वाचायला सुरुवात केली आणि खालून नववं नाव ज्योत्स्नाचं निघालं. बेबीनंदाबाईंनी सगळ्या गल्लीला साखर वाटली आणि थोडी माझ्यावरही ठेवली. मुंग्या आल्या, ती गोष्ट वेगळी.

मित्रांनो, मी गुरुजी नाही, आणि मला कातडीही नाही. पण ज्याच्यावर टेकायचं ते आधी बरं होऊ द्यावं, एवढं मी जवारीत पडून शिकलो. थांबलेला माणूस रिकामा बसलेला नसतो. त्याचे पाय कुठंतरी सरकत, वळत असतात. तुमच्या घरात कुणाची जखम भरत असेल, दिसणारी असो की न दिसणारी, तर घाई करू नका. स्वच्छ हातानं टिपा, आणि वाट बघा. आणि हो, एखादा जुना गोळा कुठं गंजत पडलेला दिसला, तर त्याला उचलून बघा. त्याच्यात अजून एक श्वास असतो.

आज सकाळी ज्योत्स्ना प्रशिक्षणाला निघणार होती. प्रितम बॅग घेऊन बाहेर उभा होता. बेबीनंदाबाई धपाटी बांधत होत्या. ज्योत्स्ना आरशासमोर केस विंचरत होती आणि साक्षी तिच्या मांडीवर चढून गोंदणावरून बोट फिरवत होती. मोठ्या पंखावरून, गोलावरून, मग बारक्या पंखाच्या तुटक्या रेघेवरून.

"आई, तिकडं तुला माझी आठवण आली, की तू हितं बघशील?"

"हो बाळा. रोज बघीन."

साक्षीनं आपल्या फ्रॉकचा गळा थोडा खाली ओढला, आपल्याच कोवळ्या, कोऱ्या कातडीकडं बघितलं आणि मान वर केली.

"मंग मला तुझी आली, की मी कुठं बघू?"

ज्योत्स्नाचा कंगवा केसांत तसाच थांबला.